बस येईना? डेपोत विचारा!

सोलापुरातून विमान उडतं, वंदे भारत सुटते. पण सिटी बसची वाट बघायची म्हणजे पेशन्सची परीक्षा! असं का होतं? याचं उत्तर स्टॉपवर मिळत नाही. ते दडलंय डेपोच्या फाटकाआड.

बॉस, आपलं सोलापूर सध्या फुल्ल फॉर्मात आहे! २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस नावं जाहीर झाली, त्यात आपण होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईची वंदे भारत सुरू झाली. २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये मुंबईचंही. म्हणजे सोलापूर सोडून बाहेर जाणं एकदम ईझी झालंय. अवघड काय आहे सांगू? जुळे सोलापुरातून पहाटे स्टेशन गाठणं!

वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला सुटते, तिच्या मागोमाग हुतात्मा. त्या वेळेला तुमच्याकडे तीन पर्याय असतात. वडिलांना उठवून स्कूटरवर सोडायला लावायचं, रिक्षावाल्याशी आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं, नाहीतर मोबाइलवर टॅक्सी शोधत नशीब आजमावायचं. सिटी बस हा चौथा पर्याय आपल्या डोक्यातसुद्धा येत नाही. आपल्या पिढीनं बसला मनातल्या मनात 'डिलीट'च करून टाकलंय.

मी स्वतः लॉजिस्टिक्समध्ये आहे. गाड्या, ड्रायव्हर, वेळा, डिझेल हाच माझा रोजचा खेळ. त्यामुळे स्टॉपवर बस आली नाही की मला बसचा राग येत नाही, प्रश्न पडतो. गाडी नक्की अडकली कुठं? रस्त्यात, पंक्चरमध्ये, की कुणाच्या तरी टेबलावरच्या फायलीत? या प्रश्नाच्या मागं गेलं की लक्षात येतं, बससेवा म्हणजे बस विकत घेणं नव्हे. बससेवा म्हणजे डेपो चालवणं!

शहर ताणलं, बस आखडली

आधी थोडा फ्लॅशबॅक. आपलं सोलापूर मिलच्या भोंग्यावर चालणारं गाव. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पाळी सुटली की रस्ते सायकलींनी आणि माणसांनी भरून जायचे. घर पेठेत, काम पेठेच्या टोकाला. चालत गेलं तरी भागायचं. मग मिल बंद पडत गेल्या आणि शहरानं हातपाय पसरले. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावं महापालिकेत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. पाचपटीहून मोठं!

आता जरा विचार करा. पाचपट मोठ्या शहराला बस किती लागतील? त्यात केगावला २००४ मध्ये विद्यापीठ आलं. अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या त्या वसाहतीच्या घरांचं वाटप २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. २०२४ च्या जानेवारीत रे नगरमधल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. हक्काचं घर मिळालं, झकास. पण कामं, बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज यातलं बरंचसं राहिलं शहरात!

विडीचा हिशेब तर एकदम रोकडा. घरी बसून विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, येताना पान-तंबाखू घेऊन यायचं. हजार विड्यांच्या मजुरीतून रोज रिक्षाचं जाणं-येणं गेलं, तर हातात उरतं काय? तुमच्या-माझ्यासाठी बस नसणं म्हणजे पेट्रोलचा खर्च. त्या मावशीसाठी बस नसणं म्हणजे पगारकपात. आणि लांबचं कॉलेज असलेल्या तिच्या पोरीसाठी? कधी कधी कॉलेजच बंद!

माझ्या कॉलेजच्या दिवसांत बस अशी 'आऊट ऑफ फॅशन' झालेली नव्हती. सात रस्त्याला चढायचं, खिडकी मिळाली तर दिवस आपला. कंडक्टर पंच वाजवत यायचा आणि एकाच फेरीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदीत तिकीट फाडायचा. 'सरका बे पुढं' हे मात्र सगळ्यांना एकाच भाषेत! गड्ड्याच्या दिवसांत तर बसला हॅण्डल धरायलाही जागा नसायची. अख्खं सोलापूर एका छपराखाली बघायचं असेल तर सिद्धेश्वर मंदिर आणि सिटी बस, या दोनच जागा.

पहाटेचा 'बॅकस्टेज'

नाटक संध्याकाळी असतं, पण खरी धावपळ असते पडद्यामागं. बसचंही तेच. तुम्ही सकाळी सातला ज्या बसमध्ये बसता तिची तयारी आदल्या रात्री दहाला सुरू झालेली असते.

शेवटच्या फेरीची बस डेपोत येते. कंडक्टर रोकड मोजून भरतो, वेबिल जुळवतो. ड्रायव्हर गाडीतल्या तक्रारी लिहून देतो. ब्रेक कमी लागतोय, क्लच जड आहे, डावा इंडिकेटर बंद. मग डिझेल, झाडलोट, धुणं. तक्रारीची गाडी पिटवर जाते, मेकॅनिक खालून बघतो. जमलं तर रात्रीतच दुरुस्ती, नाही जमलं तर पहाटेच्या यादीतून ती गाडी बाद.

यानंतरची गंमत म्हणजे पार्किंग! पहाटे पाचला निघणारी बस जर सातला निघणाऱ्या बसच्या मागं अडकली, तर खेळ खल्लास. म्हणून गाड्या कुणी कुठं लावायच्या, हेसुद्धा शास्त्र आहे. पहिली निघणारी तोंडाशी, दुरुस्तीची बाजूला, स्पेअर हाताशी.

पहाटे ड्युटी लावणारा माणूस हा तर डेपोचा खरा हीरो. त्याच्यासमोर एकीकडे चालू गाड्यांची यादी, दुसरीकडे हजर ड्रायव्हर-कंडक्टरची यादी. गाडी आहे पण ड्रायव्हर आला नाही. ड्रायव्हर आहे पण गाडी पिटवर. दोघं आहेत पण तिकीट मशीन चार्ज नाही. या सगळ्यांची जोडी जमवून वीस मिनिटांत गाड्या फाटकाबाहेर काढायच्या. आपल्या एमबीएवाल्यांनी एकदा पहाटे पाचला डेपोत उभं राहून बघावं. 'रिसोर्स अ‍ॅलोकेशन'चं अख्खं सेमिस्टर तिथं फुकटात शिकायला मिळेल!

सहाच्या चार होतात तेव्हा

आता थोडं गणित. घाबरू नका, सोप्पं आहे.

समजा, सात रस्ता ते कुंभारी असा एक मार्ग धरला. जायला ४० मिनिटं, यायला ४०, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा. म्हणजे एक फेरा ९० मिनिटांचा. दर १५ मिनिटांनी बस हवी असेल तर गाड्या लागतील सहा. सिंपल!

एके दिवशी दोन गाड्या बंद पडल्या. त्याही एकापाठोपाठ एक सुटणाऱ्या. उरल्या चार. कुणी लक्ष दिलं नाही तर तीन वेळा बस १५ मिनिटांनी येईल आणि मग एकदम ४५ मिनिटांचं भगदाड पडेल. ९० मिनिटांतली ४५ मिनिटं! म्हणजे प्रवासी जर सारख्या संख्येनं येत असतील, तर त्यातले निम्मे या भगदाडातच सापडतात. कागदावर बस फक्त एक तृतीयांश कमी झाल्या. पण स्टॉपवरच्या माणसाची सरासरी वाट बघणं साडेसात मिनिटांवरून थेट १५ वर गेलं. डबल!

आता कंट्रोलर जागा असेल तर तो काय करेल? उरलेल्या चार गाड्यांमध्ये सारखं अंतर पाडेल. दर साडेबावीस मिनिटांनी एक. सरासरी थांबणं साधारण ११ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच. फक्त एका माणसानं वेळेवर फोन उचलला! फ्लीट मॅनेजमेंट, फ्लीट मॅनेजमेंट म्हणतात ते याहून वेगळं काही नाही.

आणि कंट्रोलरनं फोन उचलला नाही तर? ४५ मिनिटं उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात बसतो. तिसऱ्या महिन्यात हप्त्यावर बाइक घेतो. बसचं उत्पन्न घटतं. उत्पन्न घटलं की स्पेअर पार्टचे पैसे नसतात. स्पेअर नसले की एका बंद गाडीचे पार्ट काढून दुसरीला लावतात. काही दिवसांनी त्या बंद गाडीचा नुसता सांगाडा उरतो. आता सहाच्या चारच गाड्या कायमच्या, मग तीन, मग दोन. बससेवा अपघातानं मरत नाही बरं का, ती अशी हप्त्याहप्त्यानं मरते.

नव्याकोऱ्या, पण उभ्या!

'मग नवीन बस घ्या की!' असं तुम्ही म्हणाल. सोलापूरनं तेही करून बघितलंय.

केंद्राची जेएनएनयूआरएम योजना २००५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. तिच्यातून पुढं देशभरातल्या शहरांना बससाठी पैसे मिळाले. त्यातूनच गेल्या दशकाच्या मध्यावर सोलापुरात नव्या बस आल्या. लोक खूश. आणि मग एक विचित्र बातमी आली. यातल्या शंभराच्या आसपास बसच्या चेसीला तडे गेलेत! चेसी म्हणजे गाडीचा कणाच. गाड्या उभ्या राहिल्या आणि प्रकरण कंपनी विरुद्ध महापालिका असं वादात, लवादात अडकलं.

चूक कुणाची, हा निवाड्याचा विषय. माझा मुद्दा वेगळा आहे. वाद चालू असताना गाडी कुठं असते? डेपोत, उन्हात! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत सहज जातो. टायर, रबर, वायरिंग सगळं वाळतं. बॅटरी मरते. कोर्टकचेरीत तारीख पुढं ढकलता येते, गंज काही तारखेसाठी थांबत नाही. म्हणून बस खरेदीच्या करारात नुसती किंमत बघून चालत नाही. बिघाड निघाला तर किती दिवसांत दुरुस्ती, पर्यायी गाडी कोण देणार, वाद चालू असतानाही गाडी कशी पळती ठेवायची, हे आधी लिहून घ्यावं लागतं. लग्नाआधी पत्रिका बघतो ना आपण? इथं वॉरंटी बघायची!

यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो खाकीतला माणूस. गाड्या कमी म्हणजे ड्युट्या कमी, उत्पन्न कमी म्हणजे पगार थकलेले. परिवहनच्या कर्मचाऱ्यांना हक्काच्या पगारासाठी आंदोलनं करावी लागली, हे सोलापूरनं बघितलंय. ज्याच्या घरात पगार पोचलेला नाही त्या माणसानं चार महिन्यांनीही हसतमुखानं 'ताई, बसा' म्हणावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

आता एंट्री ई-बसची

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली. देशात दहा हजार इलेक्ट्रिक बस, एकूण अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी, त्यातले २० हजार कोटी केंद्राचे. बस चालवण्यासाठी दहा वर्षं मदत. सोलापूरचंही नाव या योजनेत आहे.

पण यातली मेख समजून घ्या. इथं महापालिका बस विकत घेत नाही. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, देखभाल ठेकेदाराची. महापालिका त्याला दर किलोमीटरमागं ठरलेले पैसे देणार. बस भरलेली असो की रिकामी, किलोमीटर पळाली की बिल तयार! म्हणजे 'चेसीचं टेन्शन' ठेकेदाराकडे गेलं, पण 'प्रवाशांचं टेन्शन' महापालिकेकडेच राहिलं. मार्ग चुकीचा आखला, तर रिकामी बस थंडगार एसी लावून फिरेल आणि मीटर आपल्याच खिशातून पळेल.

नाशिककडे बघा. तिथं महापालिकेनं २०२१ च्या जुलैमध्ये 'सिटीलिंक' अशाच धर्तीवर सुरू केली. नव्या गाड्या, अ‍ॅप, बढिया काम. पण ठेकेदारानं पगार थकवले म्हणून तिथंही कर्मचाऱ्यांचे संप झाले आणि बस थांबल्या. थोडक्यात, ठेका दिला म्हणून जबाबदारी देता येत नाही. दुसऱ्या बाजूनं ठेकेदारांनाही धास्ती असते, महापालिका वेळेवर पैसे देणार का? त्यासाठीच केंद्रानं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ३,४३५ कोटींची पेमेंटची हमी देणारी वेगळी योजना मंजूर केली. दोन्ही पार्ट्यांना एकमेकांचा भरवसा नाही, म्हणून तिसऱ्यानं जामीन राहायचं. एकदम आपल्या पतसंस्थेसारखं!

आणि डेपो? तो तर आता पेट्रोल पंपाऐवजी मोठा मोबाइल चार्जरच होणार! नऊ मीटरच्या बसला किलोमीटरला साधारण एक युनिट वीज धरली आणि बस रोज २०० किलोमीटर पळाली, तर शंभर बसना दिवसाला वीस हजार युनिट लागतील. एवढ्या विजेची स्वतंत्र जोडणी, चार्जर, रात्री कोणती गाडी कधी चार्जिंगला लावायची याचं वेळापत्रक, दुपारी पुन्हा थोडं चार्जिंग. डिझेलची टाकी दहा मिनिटांत भरते, बॅटरी भरत नाही. मे महिन्यात एसी फुल्ल असताना बॅटरी आणखी लवकर उतरणार. पहाटेच्या त्या ड्युटी लावणाऱ्या माणसाच्या यादीत आता तिसरा रकाना आला. गाडी आहे का, ड्रायव्हर आहे का, आणि चार्ज आहे का?

मग आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं महापालिकेचं काम. आमचा काय संबंध? आहे ना!

पहिलं म्हणजे प्रश्न बदला. पेपरात 'शहरात इतक्या बस येणार' अशी बातमी आली की टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, रोज फाटकाबाहेर किती पडणार? शंभर बसपैकी नव्वद रस्त्यावर असतील तर सेवा जिवंत. शंभरपैकी चाळीस असतील तर ती सेवा नाही, ते प्रदर्शन.

दुसरं, वेळापत्रक मागा. अ‍ॅप नंतर, आधी स्टॉपवर साधा बोर्ड. वीस मिनिटांनी येणारी पण नक्की येणारी बस, ही दहा मिनिटांनी 'बहुतेक' येणाऱ्या बसपेक्षा लाख पटीनं भारी. कारण वेळ माहीत असेल तर माणूस घरात चहा पिऊन निघतो.

तिसरं, तुमच्या ऑफिसच्या एचआरला कामाला लावा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, होटगी रोडला, विजापूर रोडला किती ठिकाणी पाळी एकाच वेळेला सुटते! दोन-चार ऑफिसं, एक कॉलेज, एक हॉस्पिटल मिळून परिवहन विभागाला वेळा आणि माणसांचा आकडा लेखी देऊ शकतात. बस मार्ग आखणाऱ्याला याहून मोठं गिफ्ट नाही. मासिक पासचे पैसे तर महिन्याच्या सुरुवातीलाच हातात येतात, आणि डेपोत स्पेअर पार्ट रोखीनंच मिळतात!

आणि चौथं, आठवड्यातून एक दिवस बसनं जा. समाजसेवा म्हणून नको, स्वार्थ म्हणून जा. आपल्यासारखा नोकरदार बसमध्ये बसायला लागला की तक्रारी मेलवर जातात, फोटोसकट जातात, आणि त्यांची दखल घेतली जाते. विडीवाल्या मावशीनं वर्षानुवर्षं केलेली तक्रार हवेत विरली, कारण ती फक्त स्टॉपवरच केली होती.

डेपोची डिक्शनरी

ऑफ रोड : कागदावर आहे, रस्त्यावर नाही अशी बस. हा आकडा विचारलात की समोरचा आधी चहा मागवतो.

डेड किलोमीटर : डेपो ते पहिला स्टॉप हे रिकामं पळणं. जाऊन-येऊन १२ किलोमीटर धरले तर शंभर बस रोज १,२०० किलोमीटर बिनतिकीट पळतात. म्हणून डेपो कुठं आहे, याला महत्त्व!

ईपीके आणि सीपीके : किलोमीटरमागं कमाई आणि किलोमीटरमागं खर्च. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असणं हे जगभरातल्या बहुतेक शहरांत नॉर्मल आहे. फरक कोण भरणार, हे आधी ठरलेलं नसणं मात्र नॉर्मल नाही.

केएमपीएल : लिटरमागं किलोमीटर. ४ चे सव्वाचार झाले तर रोज २०० किलोमीटर पळणारी बस जवळजवळ तीन लिटर डिझेल वाचवते. उपाय काय? टायरमध्ये हवा, फिल्टर साफ आणि ड्रायव्हरचा हलका पाय.

वेबिल : कंडक्टरचं दिवसभराचं प्रगतिपुस्तक. किती फेऱ्या, किती तिकिटं, किती रोकड, सगळं यात.

स्पेअर बस : एखादी गाडी बंद पडली की तिच्या जागी धावणारा बारावा खेळाडू. दिवसभर डेपोत उभी दिसली तर तिला आळशी म्हणू नका. ती उभी आहे म्हणून तुमची बस येते.